चढावर गाडी दम का टाकते?

(नाकाडोंगरी, ता. तुमसर, जि. भंडारा येथील बैठकीत केलेले भाषण)



तुमच्या गावाच्या नावात नाका आहे आणि डोंगरीही आहे. शेतकऱ्याचा माल आजवर या दोहोंनी अडवला. नाक्याबद्दल आपल्या बैठकांत पुष्कळ बोलून झाले. आम्ही सावनेर तालुक्यातले, कापूस आणि ज्वारी पिकवणारे. १९७२ साली एकाधिकार खरेदी आली आणि पुढे तीस वर्षे आपल्याच शेतातला कापूस दहा कोसांवरच्या सौंसर-पांढुर्ण्याला नेला की आम्ही चोर ठरत होतो. रात्री बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढून बंड्या हाकणारी माणसे आमच्या गावात अजून आहेत. ते नाके गेले. आज आम्ही डोंगरीबद्दल बोलायला उभे आहोत. माल भरलेली गाडी चढावर दम टाकते, त्याबद्दल.

कोणी म्हणेल, भावाची बैठक आणि ही मंडळी गाडीचे काय काढून बसली? तर भाव बांधावर मिळत नाही, बाजारात मिळतो. बांधापासून बाजारापर्यंत जो नेतो तो आपल्या हिश्शातले काही कापून घेतो. म्हणून गावोगाव शेतकऱ्यांनी स्वतःच्या गाड्या घेतल्या. २००५ साली टाटांचा 'छोटा हत्ती' आला, दोन सिलेंडरचा, सोळा अश्वशक्तीचा, तेव्हापासून तर ज्याच्या घरी बंडी होती त्याच्या घरी चार चाके आली. पण बैल आपल्याला कळत होता, ही चार चाके कळत नाहीत. बैलाने खांदा टाकला तर आपण त्याचा खूर उचलून बघतो, पोट दाबून बघतो, काल काय खाल्ले ते विचारतो. गाडीने दम टाकला की मात्र आपण हात जोडून मिस्त्रीपुढे उभे राहतो आणि तो म्हणेल तो भाग बदलतो. हे आम्ही स्वतः केले आहे आणि त्याची किंमत मोजली आहे. ती हकीकत याच गावच्या रस्त्यावर संपली, म्हणून ती इथे सांगायची.

आम्ही पाच जणांनी मिळून एक जुनी पिकअप घेतली होती. साधे डिझेल इंजिन, टर्बो नाही, संगणक नाही. हंगामात जिनिंगला कापूस न्यायचा, उन्हाळ्याच्या तोंडी इकडे धानाच्या मुलखात सरकीची ढेप आणायची आणि जाताना तांदूळ न्यायचा. आमच्याकडे ढेप आहे, तुमच्याकडे दुभती जनावरे आणि तांदूळ. कोणत्याही योजनेशिवाय चालणारा हा व्यापार आहे आणि दोन्ही बाजूंना परवडतो.

२०१३ सालच्या जानेवारीपासून गाडी चढावर ओढेना. सपाट रस्त्यावर तक्रार नाही. माल भरून चढाला लागली की तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर, आणि शेवटी ॲक्सिलेटर तळाला टेकवूनही इंजिन नुसते रडायचे. छिंदवाड्याच्या रस्त्यावरच्या घाटात एकदा ती पार उभी राहिली. मागे ट्रकांची रांग, चाकाला दगड लावून आम्ही रस्त्यावर. पंधरा मिनिटे थांबलो, पुन्हा सुरू केली, तर काही झालेच नाही अशा थाटात चढून गेली.

मिस्त्रीकडे नेली. माणूस लबाड नव्हता, हे आधी सांगतो. त्याने डिझेल फिल्टर बदलला, ते योग्यच होते. नोझल साफ केली. मग गाडी चालवून पाहिली आणि म्हणाला, झकास आहे. पण त्याने ती कशी चालवून पाहिली? रिकामी, अर्ध्या टाकीवर आणि गावाबाहेरच्या सपाट सडकेवर. पुढच्याच खेपेला तीच रड. मग तो म्हणाला, "पंपात जीव नाही राह्यला भाऊ." पंप उतरवून शहरात पाठवला. त्याचे साडेअकरा हजार रुपये झाले. त्या वर्षीच्या भावाने ही सात-साडेसात क्विंटल ज्वारी होते, म्हणजे आमच्या कोरडवाहूतल्या एकरभराच्या उत्पन्नापेक्षा जास्त. पंप परत आला, बसवला. गाडी तशीच.

इथे थोडा हिशेब मांडू. तो मांडला असता तर आमची ज्वारी वाचली असती.

गाडी आणि माल मिळून तीन टन वजन धरा. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी ३६ किलोमीटर वेगाने ती चालवायला इंजिनाला चाकांवर जेमतेम सहा-सात अश्वशक्ती द्यावी लागते. आता तीच गाडी, तोच वेग, पण दहा फुटांमागे एक फूट असा चढ. नुसते वजन वर उचलण्यासाठी चाळीस अश्वशक्ती जास्तीची लागते. वेग निम्मा केला तर वीस. खालचा गिअर आपण टाकतो तो यासाठीच. त्याने इंजिनाची ताकद वाढत नाही, आपण वेग सोडून ओढ घेतो.

म्हणजे सपाटीवर इंजिन आपल्या ताकदीचा सहावा-सातवा हिस्साच वापरत असते. ताकद निम्मी झाली असली तरी तिथे कळणार नाही. घरात बसलेल्या माणसाला दमा कळत नाही, पोते उचलताना कळतो, तसेच हे. बिघाड चढावर झालेला नसतो, चढ फक्त तो दाखवतो. म्हणून ज्या तपासात गाडीवर माल नाही आणि समोर चढ नाही, तो तपास झाला असे समजू नये. मिस्त्रीला बाजूला बसवा, माल भरा, चढावर न्या. त्याचा अर्धा दिवस जाईल, त्याचे पैसे द्या. साडेअकरा हजारांपेक्षा ते कमीच होतील.

आता तपास करायचा तो कशाचा? इंजिनाला दोन गोष्टी लागतात, हवा आणि डिझेल. त्यातून निघालेली ताकद चाकापर्यंत पोचावी लागते, आणि चाक मोकळे फिरावे लागते. एवढेच आहे. या चार ठिकाणांपैकी कुठे गळती आहे ते ओळखायला पहिल्या फेरीत एक रुपयाचाही सुटा भाग लागत नाही. डोळे, कान, हात लागतात.

आणि त्याआधी वजनकाटा. हे बोलायला संकोच वाटतो, पण बोलले पाहिजे. आम्ही पहिल्यांदा गाडी काट्यावर घातली तेव्हा आमचेच तोंड उतरले. कागदावर जेवढा माल धरला आहे त्याहून अडीच क्विंटल जास्त ढेप होती. प्रत्येकाने आपापले एक-दोन कट्टे 'एवढ्याने काय होते' म्हणून टाकले होते. पाच जणांची गाडी असली की हे असेच होते. जास्तीचे वजन हा बिघाड नव्हे, तो आपलाच लोभ आहे, आणि ब्रेक, टायर, पाटे सगळे त्याचा वसूल घेतात. ते अडीच क्विंटल उतरवले. गाडी थोडी बरी झाली, पण दम टाकायची थांबली नाही. म्हणजे वजन हे एक कारण होते, मुख्य कारण नव्हते.

त्याच फेब्रुवारीत आम्ही ढेप घेऊन इकडे आलो. तुमसरला टाकी गच्च भरली. गोबरवाही मागे पडली, डोंगर जवळ आले, रस्ता चढउताराचा झाला आणि नाकाडोंगरीच्या अलीकडे एका चढावर गाडीने मान टाकली. आमच्या पुढे तुमच्या गावची एक पिकअप होती. तीही त्याच चढावर रांगत होती. तिच्या मागून काळा धूर असा निघत होता की आम्हाला काचा वर कराव्या लागल्या. आमच्या गाडीतून मात्र धूरच नव्हता.

दोन्ही गाड्या गावात आल्या. इथे ट्रॅक्टर दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. त्यांचे नाव भाषणात नको, असे त्यांनीच सांगितले आहे. त्यांनी दोन्ही गाड्यांच्या मालकांना एकच प्रश्न विचारला, धूर कोणता? आम्हाला दोन महिन्यांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

धूर ही इंजिनाची जीभ आहे. काळा धूर म्हणजे डिझेल पोचते आहे पण त्याला पुरेल एवढी हवा नाही, ते अर्धवट जळते. एक लिटर डिझेल जाळायला निदान दहा हजार लिटर हवा लागते. दोनशे लिटरचे पन्नास ड्रम भरतील एवढी ही हवा, दर लिटरमागे. ती सगळी त्या एका कागदी जाळीतून आत जायची असते. निळा धूर दिसला तर इंजिन ऑइल जळते आहे, रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजले आहेत आणि खर्च मोठा आहे. पांढरा धूर गार इंजिनाला सकाळी थोडा येतोच, पण तापल्यावरही येत राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे किंवा पाणी आत शिरते आहे. रेडिएटरमधले पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट बघावे. आणि ताकद गेली, पण धूर काहीच नाही, तर बहुधा डिझेलच पोचत नाही किंवा ताकद इंजिनाबाहेर, क्लचात किंवा ब्रेकमध्ये मरते आहे.

तुमच्या गावच्या गाडीचा एअर क्लीनर उघडला. या भागात मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गची उघडी खाण, चिखल्याची जमिनीखालची. धानाच्या मळणीचा कोंडा वेगळा. त्या जाळीच्या घड्यांमध्ये काळी भुकटी अशी बसली होती की कागद दिसेना. आमच्याकडे हेच काम जिनिंगच्या आवारातली कापसाची तुसे करतात. जाळी आपटली, आतून बाहेर हलकी हवा मारली, पण ती कामातून गेली होती. नवी घातली. सगळा खर्च काही शे रुपये, आणि गाडी त्याच संध्याकाळी त्याच चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गेली. जाळी काढून टाकून गाडी चालवू नका, असे मिस्त्री दोनदा म्हणाले. ती धूळ आत गेली की सिलेंडर कानशीने घासल्यासारखा झिजतो. आणि हवा मारायची ती आतून बाहेर, बाहेरून आत मारली तर धूळ कागदात रुतते. कागदाला भोक दिसले तर ती जाळी टाकून द्यायची.

आमची गाडी मात्र एवढ्यावर सुटणारी नव्हती. आमची जाळी स्वच्छ होती.

त्यांनी आधी क्लच पाहिला. कारण इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडीचा वेग वाढत नाही, तर क्लच घसरतो आहे हे उघड असते. पण आमचे इंजिनच पडत होते. तरी खात्री करून घेतली. चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, वरचा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. इंजिन लगेच बंद पडले. क्लच धरतो आहे. ते चालूच राहिले असते तर प्लेट गेली असे समजायचे. ही परीक्षा एकदाच करायची, पुन्हा पुन्हा केली तर चांगली प्लेट जळते. आमच्या गावच्या मिस्त्रीचा पुढचा नंबर क्लच प्लेटचाच होता, तो खर्च इथेच वाचला.

मग ब्रेक. गाडी चार-पाच किलोमीटर ब्रेक न लावता चालवली, उतरल्याबरोबर चारही चाकांच्या ड्रमजवळ हात नेला. एखादे चाक बाकीच्यांपेक्षा तापलेले असते तर तिथे लायनर धरून राहिले आहे, आपण ब्रेक लावून चढ चढतो आहोत. हात टेकवायचा नाही, जवळ नेला तरी धग कळते. आमची चारही सारखी होती. ॲक्सिलेटरची तारही पाहिली. एकाने आत पायाने पूर्ण दाबले, दुसऱ्याने बाहेर पंपाची दांडी शेवटपर्यंत जाते का ते बघितले. जात होती. तार सैल झाल्यामुळे दांडी अर्धीच फिरणाऱ्या गाड्या आम्ही नंतर दोन पाहिल्या. त्यांचे मालक इंजिन खोलायला निघाले होते.

राहिले डिझेल. आणि इथे त्या मिस्त्रीने जे केले ते आम्ही जन्मात विसरणार नाही. त्यांनी पाच लिटरचा एक स्वच्छ डबा घेतला, झाकणाचा, डिझेलने भरला, गाडीच्या हौद्यात पुढच्या बाजूला दोरीने आवळून बांधला. टाकीकडून फीड पंपाला येणारी नळी सोडवून तिच्या जागी डब्यातून आलेली नळी लावली. एअर काढली. आणि म्हणाले, चला चढावर, आहे तेवढा माल राहू द्या.

गाडी चढली. मध्ये एक पोरगे आडवे आले म्हणून थांबावे लागले, तिथून पहिल्यावर उचलली तरी चढली. पुन्हा खाली आणली, पुन्हा चढली.

म्हणजे इंजिन चांगले, पंप चांगला, नोझल चांगली, फिल्टर चांगला. दोष टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या दीड-दोन मीटरमध्ये. एका डब्याने सगळी गाडी दोन भागांत तोडून दाखवली, बिघाड अलीकडे की पलीकडे. शहरात आमचा पंप टेबलावर तपासला तेव्हा तो टेबलाच्या टाकीतले डिझेल पीत होता. तिथे तो नापास झालाच नसता. त्यांनी काहीतरी घट्ट-सैल केले, बिल दिले, आणि आमची टाकी सावनेरलाच राहिली.

आता त्या दोन मीटरमध्ये काय असते? टाकीच्या तळाची जाळी, नळी, नळीचे जोड. जोडाच्या तांब्याच्या वॉशरमधून हवा शिरली तर बाहेर डिझेल गळत नाही, कारण तिथे दाब नसतो, ओढ असते. म्हणून डोळ्याला दिसत नाही. हे सगळे उघडायला घ्यायचे ठरले, आणि डब्यातले डिझेल संपत आले म्हणून आमच्यातला एक जण टाकीतून थोडे काढायला गेला. त्याने किल्ली लावून टाकीचे झाकण फिरवले आणि 'फुस्स' असा आवाज आला. हवा बाहेर आली नव्हती, आत गेली होती. मागून पत्रा वाजला, 'टण'. आत ओढला गेलेला टाकीचा पत्रा जागेवर आला.

सगळे गप्प झाले.

ते झाकण आम्ही बसवले होते. डिसेंबरात कापूस घेऊन जिनिंगच्या फाटकाबाहेर दोन रात्री रांगेत उभे होतो. रात्री कोणीतरी टाकीतले डिझेल ओढून नेले. दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारातून कुलपाचे झाकण घेतले, दीडशे रुपयांचे. मूळ झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असते. या झाकणाला ते नव्हते. टाकीतून जेवढे डिझेल इंजिन पिते तेवढी हवा आत यायला हवी. ती आली नाही तर आत पोकळी होते आणि फीड पंपाला डिझेल ओढता येत नाही. सपाटीवर थोडे डिझेल लागते, तेवढे तो कसेबसे ओढतो. चढावर मागणी वाढते आणि इंजिन उपाशी राहते. थांबलो की झाकणाच्या रबरातून हळूहळू हवा झिरपते, पोकळी भरते, आणि गाडी पुन्हा शहाण्यासारखी चालते.

आणि एक खूण तर आमच्या डोळ्यांसमोर होती. टाकी भरली की गाडी लवकर दम टाकायची, अर्धी असली की उशिरा. आम्ही म्हणायचो, डिझेलचे वजन! साठ लिटर डिझेलचे वजन पन्नास किलो, एका कट्ट्याएवढे. त्याने काय होणार? खरे कारण असे की गच्च भरलेल्या टाकीत वर चार लिटर हवा उरते. एक लिटर डिझेल गेले की चार लिटर हवेला पाच लिटरची जागा भरावी लागते, दाब पाचव्या हिश्शाने उतरतो. अर्ध्या टाकीत तीस लिटर हवा असते. तिथे एक लिटरने काही फरक पडत नाही. मिस्त्रीच्या सपाट सडकेवर टाकी अर्धी होती, इथे आलो तेव्हा तुमसरला गच्च भरलेली होती. कोणी हे लिहून ठेवले असते तर वहीनेच रोग सांगितला असता.

भोक असलेले झाकण आणले. कुलपाचेही मिळते, दुकानदाराला दाखवून, तोंडाने फुंकून घ्यायचे. जुन्याला भोक पाडायचे डोके काहींनी चालवले, पण झाकण टाकीवर असताना तिथे ड्रिल चालवणे म्हणजे जिवाशी खेळ, आणि पाडलेल्या भोकातून पावसाचे पाणी आत जाते. टाकी उतरवली होतीच, तर तळाचा गाळही धुऊन घेतला. त्यात पेंडीचा भुगा निघाला, तो कसा गेला ते विचारू नका.

साडेअकरा हजार, नोझलचे वेगळे, घाटातून ट्रॅक्टरने ओढून आणल्याचे वेगळे, आणि एक खेप उशिरा पोचल्यामुळे गिऱ्हाईक गेले ते कशात धरायचे? हे सगळे दीडशे रुपयांच्या झाकणामुळे. आणि ते झाकण चोरामुळे, चोर रांगेमुळे, रांग कशामुळे ते या बैठकीत सांगायला नको. पण आम्ही स्वतःलाही सोडत नाही. बैल बसला असता तर आम्ही पहिल्याच दिवशी विचारले असते, काल याला नवीन काय घातले? गाडीबद्दल हा प्रश्न दोन महिने पाच जणांपैकी एकालाही सुचला नाही.

तेव्हापासून गाडीत एक वही असते. डिझेल किती भरले, कुठे, किती किलोमीटरवर. माल किती. कोणता भाग बदलला, कोणत्या तारखेला. काय नवीन बसवले, अगदी झाकणसुद्धा. गाडी अडली तर गरम होती की गार, टाकी किती भरलेली, धूर कोणता, थांबल्यावर सुधारली का. पाच मालक असल्यामुळे वही नसती तर भांडणेही झाली असती, तेही एक कारण आहे.

भेसळीबद्दल दोन शब्द, कारण आमच्याकडे तो संशय पहिला घेतला जातो. रेशनचे निळे रॉकेल स्वस्त आणि डिझेल महाग अशी सरकारी सोय होती त्या काळात डिझेलमध्ये रॉकेल मिसळणे हा मोठा धंदा होता. भाव खाली दाबून ठेवलेला माल शेवटी भलत्याच टाकीत जातो, हे आपण साखरेपासून रॉकेलपर्यंत पाहिले. रॉकेलाला डिझेलचा ओशटपणा नसतो, पंप कोरडा पडून झिजतो. २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलचे भाव मोकळे झाले. आज पाण्याचा धोका अधिक, विशेषतः ड्रममध्ये साठवलेल्या डिझेलला. काचेच्या बाटलीत थोडे घेऊन रात्रभर ठेवा, पाणी आणि गाळ तळाला बसलेला सकाळी दिसतो. फिल्टरच्या खालचा स्क्रू सोडून साचलेले पाणी अधूनमधून काढायचे असते, हे किती जणांना माहीत आहे? हात वर करा. (चार-पाच हात वर होतात.) पाहा!

आता ज्यांच्याकडे नव्या गाड्या आहेत ते म्हणतील, आमच्या इंजिनात हे काही नाही. हवा आणि डिझेल तुमच्याही इंजिनाला लागते, आणि टाकीला झाकण तुमच्याही आहे. पण काही गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यातली एक जिवावरची आहे. कॉमन रेल इंजिनात नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांत हजार-दीड हजार बारचा दाब असतो. ट्रॅक्टरच्या फवारणी पंपात वीस-तीस बार असतो, त्यावरून अंदाज करा. इंजिन चालू असताना तिथला नट सैल करून बघायची जुनी सवय इथे करू नका. डिझेलची धार कातडीतून आत शिरते, हात कापावा लागतो. डब्याचा प्रयोगही या गाड्यांवर घरी करायचा नाही.

टर्बो असेल तर त्याच्यापासून इंजिनाकडे जाणारे रबरी पाइप आणि त्यांच्या क्लिपा बघा. पाइप फाटला की चढावर 'सूंऽऽ' असा आवाज येतो, काळा धूर येतो आणि ताकद निम्मी होते. हे डोळ्याला दिसते, त्याला स्कॅनर लागत नाही. इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल आणि गाडी एका वेगाच्या पुढे जातच नसेल तर संगणकाने स्वतःहून ताकद कमी केली आहे. तिथे स्कॅनर लावल्याशिवाय भाग बदलू देऊ नका, आणि स्कॅनरने दाखवलेला नंबर वहीत लिहून घ्या. नंबर ज्या भागाचे नाव घेतो तोच भाग खराब असतो असेही नाही. तो फक्त दुखते कुठे ते सांगतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. त्यातल्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरात काजळी धरणारी जाळी असते. ती काजळी जाळून टाकायला गाडी मधूनमधून तापून, सलग, पंधरा-वीस मिनिटे बऱ्या वेगाने चालावी लागते. आपण गाडी वावरातून घरी, घरून सोसायटीत अशी दोन-दोन किलोमीटर चालवतो. जाळी भरत जाते आणि एक दिवस चढावर गाडी गुदमरते. दिवा लागला की तो विझेपर्यंत एकदा मोठ्या सडकेवर सलग चालवून आणा, मध्येच बंद करू नका. आठवड्यात एक लांब खेप असली तर बहुधा ही वेळच येत नाही.

जेवणानंतर कोणी लगेच निघू नका. बाहेर चिंचेखाली सहा गाड्या उभ्या आहेत, त्यात आमची जुनीही आहे. ट्रॅक्टरवाले मिस्त्री येतो म्हणाले आहेत. एअर क्लीनर सगळ्यांचे उघडायचे आहेत, इंजिन गार आहेत तोवर. आणि ज्यांनी कुलपाचे झाकण बसवले आहे त्यांनी किल्ल्या हातात ठेवा. आम्ही एकेका टाकीला कान लावून ऐकणार आहोत.